गावाबाहेरचा शब्दकोश

डब्याचं झाकण उघडलं तेव्हा श्रीपाद गुरुजींना आधी वास आला आणि मग कुळथाचं पीठ दिसलं. पीठ ताजं होतं, खमंग होतं आणि चांगलं तीन-चार किलो होतं. फक्त ते तिथे असायला नको होतं. त्या डब्यात गुरुजींची अकरा वर्षं असायला हवी होती.

अकरा वर्षं म्हणजे दोन हजार तीनशे चिठ्ठ्या. हायस्कुलातून निवृत्त झाल्यावर गुरुजींनी एकच ध्यास घेतला होता. पुराणं वाचायला बसलेल्या माणसाला जे जे शब्द अडतात, त्या प्रत्येकाची एक चिठ्ठी करायची आणि तिच्यावर अर्थ लिहायचा. मुलगा केयूर दर गणपतीला येऊन सांगायचा की बाबा, निदान मोबाईलवर फोटो तरी काढून ठेवा. गुरुजी म्हणायचे, फोटो माणसांचे काढतात, शब्दांचे नाही. आता कुडाळच्या एका अभ्यासमंडळाने तो संग्रह छापायचं कबूल केलं होतं. मंडळाची भक्ती नावाची मुलगी आज, बुधवारी, चिठ्ठ्या न्यायला येणार होती. गुरुवार संध्याकाळपर्यंत मजकूर मिळाला नाही तर मंडळ दुसऱ्या एका प्राध्यापकांचा तयार कोश छापणार होतं. ते प्राध्यापक गेलं वर्षभर चपला घालून उंबऱ्यात उभेच होते.

आणि गुरुजी होते रानातल्या, माडाच्या झापांच्या खोपीत. कारण गावाची पळण सुरू होती.

आचऱ्याच्या आसपासच्या काही गावांत असते तशी गुरुजींच्या आंबेरखोलातही दर काही वर्षांनी गावपळण होते. देवाचा कौल घ्यायचा आणि सगळ्या गावाने गुरंढोरं, कोंबडीकुत्री घेऊन वेशीबाहेर पडायचं. तीन रात्री गाव देवाचा. चौथ्या दिवशी पुन्हा कौल घ्यायचा, देवाने होकार दिला तर घरी यायचं. तोवर वेशीच्या आत माणसाने पाऊल टाकायचं नाही. लोक काजूच्या बागांत खोपी घालतात, गप्पा मारतात, पत्ते कुटतात आणि चार दिवस बऱ्यापैकी मजेत काढतात.

मंगळवारी निघताना गुरुजींच्या पत्नी शुभदाबाईंनी चिठ्ठ्यांचा आणि पिठाचा असे दोन्ही डबे एकाच जुन्या धोतराचे तुकडे करून बांधले होते. चिठ्ठ्यांचा डबा मी घेते, असं त्या म्हणाल्याही होत्या. पण माझ्या डब्याला कोणी हात लावायचा नाही, असं बजावून गुरुजींनी तो स्वतः उचलला होता, स्वतः डोक्यावर घेतला होता आणि ओढा ओलांडून अडीच मैल स्वतः वाहून आणला होता. त्यामुळे आता रागवायला जवळ कोणीच नव्हतं. पिठाचा डबा घाईत घरीच राहिला म्हणून शुभदाबाई कालपासून हळहळत होत्या, त्यांना मात्र फार बरं वाटलं.

"म्हणजे कुळथाची पिठी होणार आज," त्या म्हणाल्या.

गुरुजी तडक बाळाच्या खोपीकडे गेले. बाळा गावकर होता, म्हणजे देवापुढे गावाच्या वतीने बोलण्याचा मान त्याच्या घराण्याकडे होता. शिवाय तो गुरुजींचा जुना विद्यार्थी. त्याला गुरुजींनी संस्कृतात दोनदा नापास केलं होतं, ते दोघांच्याही लक्षात होतं.

पाच मिनिटांचं काम आहे, मी धावत जातो आणि धावत येतो, असं गुरुजींनी सांगून पाहिलं. बाळाने त्यांना बसायला पाट दिला आणि नाही म्हणून मान हलवली. तेव्हा गुरुजींनी शास्त्र काढलं.

"बाळा, आपद्धर्म म्हणून एक गोष्ट असते."

"आसा ना. तुमीच शिकवलास नववीत. जिवार बेतला तर नेम मोडलो तरी चलता. तुमच्या जिवार बेतला काय?"

"माझी अकरा वर्षं आहेत रे त्या डब्यात."

"वरसा घरात सुखरूप आसत, गुरुजी. देव राखता हा. येक सांगू? तुमच्या जाग्यार माझी आवस असती आणि ती म्हणाली असती, माझा कुकर रवलो घरात, तर तुमी तिका काय सांगला असतास?"

गुरुजींनी त्याच्या आईला नियमाचं महत्त्व सांगितलं असतं आणि चांगलं अर्धा तास सांगितलं असतं. ते उठले. नापास केलेला मुलगा पन्नाशीत इतका तयार होतो, हे त्यांना अजिबात आवडलं नाही.

दुपारी भक्ती आली. स्कूटर ओढ्यापाशी लावून, चिखलातून चपला हातात घेऊन आली. गुरुजींनी तिला खरं तेच सांगितलं, कारण दुसरं काही सुचलंच नाही. ती पोरगी शहाणी होती. हळहळली, पण बॅगेतून वही काढून म्हणाली, "उद्या संध्याकाळपर्यंत वेळ आहे ना. तुम्ही आठवून सांगा, मी लिहिते."

गुरुजींना हुरूप आला. त्यांनी डोळे मिटले आणि पहिलाच जो शब्द आठवला तो सांगितला. "लिही. उःशाप. शापदात्याने शापपरिणामाच्या मर्यादीकरणार्थ उच्चारलेले अनुग्रहवचन."

भक्तीने लिहिलं, वाचलं आणि पेन्सिल दाताखाली धरली. मंडळाचे विद्यार्थी म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले, शिवणाचे क्लास घेणाऱ्या, असे लोक होते. हे वाचून त्यांना आणखी एक कोश लागेल, असं ती फार नरमाईने म्हणाली. गुरुजींनी अर्थ आणखी सोपा केला, तो दीड ओळीने वाढला.

शेजारच्या खोपीत लवू चुलीला फुंकर घालत होता. चाळीस वर्षं दशावतारात राजाची कामं केलेला माणूस. आता गुडघे गेले होते, आवाज शाबूत होता. तो तिथूनच बोलला.

"शाप दिलो की मागे घेऊक येणा नाय, बाय. तोंडातसून गेलो तो गेलो. पण मागसून ऋषीचा मन पातळ होता. मगे तो सुटाची वाट सांगता. ता उःशाप."

भक्तीने ते लिहून घेतलं. गुरुजींना ते दिसलं आणि लागलंही. यात व्युत्पत्ती कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. लवू म्हणाला, ती तुमी घाला.

तिथून गाडी जी घसरली ती घसरलीच. प्रक्षेप, म्हणजे मूळ ग्रंथात मागाहून कोणीतरी घातलेला मजकूर, हे गुरुजींनी जरा सोपं करून सांगितलं. लवूने आपलं पाप कबूल केलं. एकदा राजाच्या भाषणात त्याने स्वतःच्या मनाची चार वाक्यं घातली होती, ती पुढच्या पोरांनी पाठ केली आणि आता तीच जुनी म्हणून सांगतात. फलश्रुती हा शब्द निघाला तेव्हा पाणी भरायला आलेली मथुरा थांबली. ही मथुरा आचऱ्याच्या बाजारात भाजी विकते आणि देवळातलं एकही कीर्तन चुकवत नाही.

"वाचून झाल्यार काय मेळतला, ता शेवटाक सांगतत ती," मथुरा म्हणाली. "शेवटाक कित्याक? तर लोक मधीच उठान जाव नयेत म्हणान."

गुरुजी हसले. मग आपण हसलो म्हणून थोडे चिडले. अकरा वर्षं त्यांनी या शब्दांवर एकट्याने बसून विचार केला होता आणि शब्द इतके बोलके असतात हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. भक्ती रात्री शुभदाबाईंच्या सोबतीला राहिली. गुरुवारी सकाळी गुरुजींनी स्वतःच लवूच्या चुलीशी पाट नेऊन मांडला. आता कामाला शिस्त आली. अकारापासून सुरुवात झाली. गुरुजी शब्द काढायचे आणि ग्रंथातला आधार सांगायचे, लवू नाटकातला प्रसंग करून दाखवायचा, मथुरा अर्थ सांगायची आणि भक्ती लिहायची. उपाख्यानाला, म्हणजे गोष्टीतल्या गोष्टीला, मथुरेने आपल्या नणंदेची अशी लांबण लावली की मूळ गोष्ट काय होती ते कोणालाच आठवेना, तेव्हा गुरुजी म्हणाले की लिही, हेच उदाहरण लिही. लोक पत्ते टाकून भोवती बसले. मध्येच शुभदाबाईंनी सगळ्यांना पिठी-भात वाढला.

संध्याकाळी भक्ती रेंज शोधत टेकाडावर गेली आणि मंडळाच्या अध्यक्षांना दहा-बारा पानं वाचून दाखवली. ती हसत उतरली. अध्यक्ष रविवारपर्यंत थांबायला तयार होते, पण एका अटीवर. सगळा कोश याच तऱ्हेने हवा. चिठ्ठ्यांतला नको. गुरुजींना वाईट तर वाटलंच. मग त्यांनी भक्तीला विचारलं, आपण कुठल्या अक्षरावर होतो?

शुक्रवारी सकाळी कौल झाला. देवाने होकार दिला. रानात एकच गलबला उडाला, पोरं ओरडली, गुरं सुटली, खोपींचे झाप भराभर खाली आले. बाळाला गुरुजी घाईघाईने आपल्याकडे येताना दिसले तेव्हा त्याला त्यांची दया आली. तुम्हीच सगळ्यांच्या पुढे व्हा, असं तो आपणहून म्हणाला.

"बाळा," गुरुजी खालच्या आवाजात म्हणाले, "देवाला अजून एका दिवसाचं विचारता येईल का?"

बाळाच्या बापजाद्यांनाही असं कोणी कधी विचारलं नव्हतं. बाळाने कारण विचारलं.

"आम्ही जेमतेम मकारापर्यंत आलोय. आता लवू जाईल आपल्या वाडीला, मथुरा बसेल बाजारात, मी माझं दार लावून घेईन. घरी गेल्यावर कोण कोणाच्या चुलीशी बसतो रे?"

कौल फिरवता येत नाही, तेवढं बाळाने जड मनाने सांगितलं. गुरुजी मान खाली घालून परतले. तासाभरात बाग रिकामी झाली, गुरांच्या घंटाही ऐकू येईनाशा झाल्या. एवढ्या मोठ्या बागेत लवूची एकच खोप उभी होती. तिच्यात लवू, मथुरा आणि भक्ती होती तशीच बसलेली होती.

"बसा, गुरुजी," लवू म्हणाला. "गाव खंय पळान जाता? मन्वंतर काढा."

शुभदाबाई बांधलेल्या बोचक्यावर टेकल्या होत्या. घराची किल्ली त्यांच्या कमरेला होती. आता वेस मोकळी आहे, डबा आणायचा तर आणा, असं म्हणून त्यांनी ती पुढे केली. गुरुजींनी किल्लीकडे पाहिलं आणि बायकोला विचारलं, पीठ अजून किती उरलंय?