सही होईपर्यंत बाई अधांतरी

आईने संमतीच्या फॉर्मवर सही केली नव्हती, म्हणून त्या सकाळी मुलीला हेल्मेट मिळाले नाही. दोरावरून उतरण्याच्या वर्गात ती दोन वर्षे सगळ्यांच्या पुढे होती. पण तेव्हाचे फॉर्म वडिलांनी न वाचताच सही करून दिले होते, यंदाचा आईच्या हाती लागला. आई पार्लर बंद ठेवून थेट मैदानावर आली आणि चाळीस फुटी भिंतीखालच्या बाकावर बसली.

"आधी बघते, मग सही," ती म्हणाली.

वर्ग घेणाऱ्या बाईंनी रांगेतल्या मुली मोजल्या. यंदा मुली आधीच निम्म्या उरल्या होत्या. ही आई नको म्हणाली, तर बाकीच्या आयाही मुलींना काढून नेणार. "थांबा, मीच उतरून दाखवते," असे म्हणत त्या तरातरा जिना चढल्या. या घाईत एकच गोष्ट राहिली. रोज मुलींना ओरडून ओरडून सांगायची तीच: वेणी जॅकेटच्या आत खोचणे.

अर्ध्या भिंतीवर कमरेच्या कडीतून सरकणाऱ्या दोराने वेणीही आत ओढून घेतली. बाई थांबल्या. मान एका बाजूला कलली, ती सरळ होईना.

"काय झालं?" वर दोर धरून उभ्या असलेल्या मदतनीस सरांनी विचारले.

"वेणी," बाई म्हणाल्या.

सरांनी बाईंचा सुरक्षेचा दोर खांबाला पक्का बांधला. आता बाई पडणार नव्हत्या, पण उतरणारही नव्हत्या. खालून आई उठून उभी राहिली. "माझ्या पर्समध्ये कात्री आहे. पाठवू का वर?"

"ताणलेल्या दोराजवळ कात्री नको," बाई भिंतीशी बोलल्या. त्यांचे तोंड तिकडेच होते.

कुणीतरी शेजारून उतरून वेणी सोडवायला हवी होती. सर उतरले, तर वरून सरांचा दोर कोण धरणार? बाकीच्या मुली यंदाच नव्याने आलेल्या, आज पहिल्यांदाच भिंतीवरून उतरणार होत्या. उरली एकच.

"मी जाते," मुलगी म्हणाली. हेल्मेट तिने कधीच उचलले होते.

"सहीशिवाय नाही," बाई वरून म्हणाल्या.

"अहो, तुम्ही लटकलाय," आई म्हणाली.

"म्हणून काय झालं? नियम आहे."

आईने पर्समधून चष्मा काढला आणि फॉर्म पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. न वाचता सही करणारे घरात एक होते तेवढे पुरे होते. बाईंच्या पायाला मुंग्या आल्या. एका मुलीने हळूच विचारले, हे शिकवण्यातच आहे का?

"यात लिहिलंय, 'किरकोळ अडचणी उद्भवू शकतात'. म्हणजे कशा?" आईने वर बघत विचारले.

"अशा," बाई म्हणाल्या.

आईने सही केली.

मुलगी जिना चढून वर गेली आणि दुसऱ्या दोरावरून शांतपणे उतरत बाईंच्या शेजारी आली. सरांनी वरून दोराचा एक फास सोडला, बाईंनी त्यात पाय रोवून अंगाचा भार उचलला. दोर सैल पडला.

"ओढू नकोस," खालून आईचा आवाज आला. "आधी खालचं रबर काढ. आता एकेक पेड सोडव, टोकाकडून. गुंता दिसला की सगळ्यांचे हात आधी मुळाशी जातात."

मुलीने एकेक पेड सोडवला. पाच-सहा मिनिटांनी वेणी सुटली. बाईंनी मान हळूच सरळ केली, केस जॅकेटमध्ये कोंबले आणि उरलेले वीस फूट उतरल्या. जमिनीला पाय टेकताच त्या बाकावर अशा बसल्या, जणू जन्मात पुन्हा उठायचेच नाही. पाठोपाठ मुलगी उतरली. आईने तिला जवळ ओढले, दोन्ही हात तपासले, पाठीवरून हात फिरवला.

बाईंना तोंड वर करायचे धाडस होईना. "तुम्ही तिला काढून नेलंत, तरी मी समजू शकते," त्या म्हणाल्या.

"का नेऊ? काय सुरेख उतरली ती," आई पाण्याची बाटली पुढे करत म्हणाली. "पुढचा वर्ग कधी?"

"रविवारी." बाईंचा जीव भांड्यात पडला.

"तुम्हीच असणार?"

"हो, मीच शिकवते ना."

आईने क्षणभर विचार केला आणि मुलीकडे वळून म्हणाली, "मग रविवारी जरा लवकर जा. बाई वर चढायच्या आत त्यांची वेणी खोचून दे."