चाकातला तंबोरा

देवळाच्या बैठकीत चंदर एवढंच म्हणाला, की यंदा कीर्तनाला निफाडकरबुवांना त्र्यंबकेश्वरहून माझ्या बॅटरीवरच्या नव्या गाडीतून आणू. हिरामणरावांच्या तोंडाशी आलेला पेढा तिथेच थांबला.

गंगापूर रोडवरच्या त्या देवळाची रीत अशी, की बुवांना जो घेऊन येतो, तोच कीर्तनाच्या मध्यंतरात त्यांना हार घालतो. वर्षानुवर्षं हा मान हिरामणरावांचा. हार घालायला दोन हात पुरतात, पण ते त्यासाठी नवा सदरा, अत्तर आणि फोटो काढायला एक मेहुणा एवढी सामग्री जमवत. अडचण एकच. त्यांच्या जुन्या गाडीच्या मागच्या चाकातून अखंड घूंऽऽ असा आवाज येई आणि वेगाबरोबर तो चढत जाई.

"काका, तुम्ही बुवांना गाडीत बसवता की पिठाच्या गिरणीत?" चंदरने विचारलं.

मंडळी हसली. गाडी गप्प झाली तर मान हिरामणरावांचा, नाहीतर चंदरचा, असं ठरलं.

मेकॅनिक मुस्तकीमने गाडी जॅकवर घेतली, चाक हाताने फिरवलं. "बेअरिंग गेलंय काका. मागच्या दिवाळीतच बोललो होतो ना मी तुम्हाला."

तेव्हा तो गाडीचा प्रश्न होता, आता तो धर्माचा झाला आहे, असं हिरामणरावांनी त्याला समजावलं. बेअरिंग गंजून बसलं होतं. तेल सोडून झालं, हातोडा घालून झाला. शेवटी दोघांनी आपापल्या देवाचं नाव घेतलं, तेव्हा कुठे ते निघालं.

नवं बसलं, घूंऽऽ थांबली आणि तिच्याखाली दबलेले सगळे आवाज वर आले. दाराची कुरकुर, सीटखालचा पाना, डिकीतले टाळ. हिरामणरावांनी कुणाला तेल पाजलं, कुणाला फडक्यात बांधलं. गाडीला जणू समाधी लागली.

एक आवाज तेवढा राहिला. चाचणीच्या फेरीत तो त्यांच्या बायकोच्या, योगिनीबाईंच्या कानी पडला. पूर्वरंग किती लांबवावा, तबलजीने कुठे हात आवरावा, बुवांचं नेमकं कुठे चुकतं, यावर हिरामणराव बोलत होते. संसारभर बाई गाडीत "हं" म्हणत आल्या होत्या. आपण कशाला "हं" म्हणत होतो, ते त्यांना आज कळलं. पहिल्याच सिग्नलला त्या उतरल्या.

"मी येते रिक्षाने. आणि ऐका, बुवांना आणताना भजनं लावा. मोठ्यांदा."

बाईंना भाजी घ्यायची असेल, असं हिरामणरावांना वाटलं.

कीर्तनाच्या दिवशी बुवा मागच्या सीटवर मांडी घालून बसले आणि दरवर्षीसारखे डोळे मिटले. दरवर्षीसारखंच हिरामणरावांनी तोंड उघडलं. अंजनेरीपर्यंत गेल्या वर्षीच्या आख्यानातली उणीदुणी झाली. महिरावणीला बुवांनी डोळे उघडले. सातपूरला हिरामणरावांनी बुवांचा षड्ज जरा खाली लागतो असं सांगितलं आणि तो कुठे लावावा, ते गाऊन दाखवलं. बुवा गप्पच होते. त्यांना पटतंय, असा हिरामणरावांनी अर्थ काढला.

मध्यंतरात हार घातला गेला, फोटो निघाला, चंदर खांबाआड उभा राहून बघत राहिला. मग बुवांनी चिपळ्या उचलल्या.

"भगवंत अर्जुनाचा सारथी झाला. घोडे धुतले, रथ हाकला. पण अर्जुन शरण येऊन 'सांग' म्हणेपर्यंत त्याने गीता सांगितली का? नाही. आम्हाला सारथी मिळाला, तो न विचारता अठरा अध्याय सांगणारा. वर चालीसकट."

देऊळ हसलं. योगिनीबाईंनी तोंडाला पदर लावला. हिरामणरावही हसले, पण जरा उशिरा.

आरतीनंतर चंदरने संधी साधली. "बुवा, पुढच्या वर्षी माझी गाडी. आतलं बोलणं इतकं स्वच्छ ऐकू येतं म्हणून सांगू."

बुवा दचकले. "नको रे बाबा. मी हिरामणरावांच्याच गाडीतून येईन." हिरामणरावांची छाती फुगली. बुवांनी त्यांच्या खांद्यावर मायेने हात ठेवला. "तेवढं जुनं बेअरिंग मात्र परत बसवून घ्या. त्या सुरावर माझा रियाज व्हायचा."

दुसऱ्या दिवशी हिरामणराव गॅरेजात हजर. मुस्तकीमने जुनं बेअरिंग लावून दार अडवून ठेवलं होतं.

"हे परत बसवू? काका, लोक चांगलं बसवायला येतात माझ्याकडे."

"बुवांचा तंबोरा आहे तो. नीट पुसून घे," हिरामणराव म्हणाले आणि स्टूल ओढून, बुवांचा षड्ज खाली का लागतो, ते त्याला पहिल्यापासून सांगू लागले.

मुस्तकीमने आदराने मान डोलावली आणि हवेचा कॉम्प्रेसर चालू केला.