गोरखने वायफाय दुरुस्त केलं

करिष्मा म्हणाली होती, "बाबा, मोबाईलवरूनच करते ना. पाच मिनिटांचं तर काम आहे."

आणि गोरख म्हणाला, "थांब."

पुढचा सगळा घोळ त्या एका शब्दाने घातला.

करिष्माला नर्सिंग कॉलेजात जागा लागली होती. गोरखच्या अख्ख्या खानदानात नर्स होणारी ती पहिलीच. पण ती जागा आज संध्याकाळी पाचच्या आत ऑनलाइन पक्की करायची होती, नाहीतर पुढच्या नंबरवाल्याला जाणार. एवढं मोठं काम वीतभर स्क्रीनवर उरकायचं, हे गोरखला पटेना. शिवाय घरात मोबाईलची रेंज कधी असायची, कधी नसायची.

"मध्येच तुटलं म्हणजे? भलतंच बटण दाबलं गेलं म्हणजे? घरात कॉम्प्युटर काय शोभेला ठेवलाय?" तो म्हणाला.

गोरख मोखाड्याच्या एका कचेरीत कारकून होता. जव्हारहून रोज जीपने जायचा-यायचा. आजच्या कामासाठी त्याने मुद्दाम अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. कचेरीत कुणाचा कॉम्प्युटर अडला की गोरखलाच हाक जायची. (तो बटण बंद करून परत चालू करायचा. दहात सात वेळा तेवढ्याने भागायचं. उरलेल्या तीन वेळा तो चहाला निघून जायचा.)

तीन वाजता त्याने हातपाय धुतले, खुर्ची ओढली आणि कॉम्प्युटर लावला. स्क्रीन उजळली. कोपऱ्यात एक बारीकशी खूण आली, तिच्यावर फुली.

"नेट नाही," करिष्मा म्हणाली.

"असतं. थंडीतल्या गाडीसारखं आहे ते, जरा वेळ लागतो."

जरा वेळ लागला. फुली तशीच. गोरखने बंद करून चालू केलं. फुली. मग त्याने पाठीमागच्या सगळ्या वायरी काढल्या, बनियनने पुसल्या आणि जिथल्या तिथे लावल्या. (एक वायर उरली. ती त्याने हळूच खिशात घातली.) फुली हटायचं नाव घेईना.

"अहो, मी माझा मोबाईल देते तिला," स्वयंपाकघरातून हर्षदा म्हणाली.

"तू नको मध्ये पडूस. दोष सापडलाय," गोरख म्हणाला. सापडलेलं काहीच नव्हतं. पण बायको आणि मुलगी दोघी बघत असताना माणसाला काहीतरी सापडावंच लागतं.

त्याने मोर्चा वळवला भिंतीवरच्या वायफायच्या डब्याकडे. डब्यावरचे हिरवे दिवे छान लुकलुकत होते. खरं तर तिथेच त्याने हात जोडून परत फिरायला हवं होतं. पण डब्याच्या बुडाला त्याला एक टाचणीएवढं भोक दिसलं.

"हर्षदा, सेफ्टी पिन दे!"

त्याने पिन आत खुपसली आणि दहा आकडे मोजले. डब्यावरचे सगळे दिवे एकदम विझले. मग एकच लाल दिवा लागला, डोळे वटारल्यासारखा.

गोरखला वाटलं, आता दोन मिनिटांत काम होणार. दोन मिनिटांत दारावर थाप पडली.

दारात समोरचा तुका टेलर. गळ्यात टेप, हातात मोबाईल.

"गोरखदादा, नेट का गेला?"

"तुमचं गेलं? आमचंही गेलंय. वरूनच बिघाड दिसतोय," गोरख खुश झाला.

"तसा नाय दादा. तुमचाच गेला, म्हणून आमचा गेला."

गोरखला हे वाक्य नीट कळायच्या आत मागून फागीमावशी आली. सत्तरीची म्हातारी, मागच्या घरात एकटी राहणारी. तिचाही हात पुढे, हातात मोबाईल.

"गोरख, बाबा, माझा नातू बोलता बोलता गोठला रं. तोंड उघडा ठेवून बसलाय. काय केलास त्याला?"

"मावशी, तुमचा नातू कुठे आहे?"

"ठाण्याला."

"मग मी त्याला काय करणार?"

"तुझ्या नेटमधून दिसतो ना तो!"

गोरखने वळून हर्षदाकडे पाहिलं. हर्षदा चपात्या लाटत होती, आणि एरवीपेक्षा बरीच मन लावून लाटत होती.

"आपला पासवर्ड यांना कसा कळला?" त्याचा आवाज चिरकला. "आपल्या लग्नाची तारीख होती ती! मी कुणाला सांगितली नव्हती!"

"मला तर ठाऊक आहे ना लग्न कधी झालं ते," हर्षदा म्हणाली. "दिला मी. मावशी नाचणीचं पीठ देते, तुकाभाऊ माझे ब्लाउज शिवतात, कोपऱ्यावरचे गुरुजी करिष्माला गणित सांगायचे. तुम्हाला काय वाटलं, हे सगळं तुमच्याकडे बघून करतात लोक?"

गोरखला अगदी तसंच वाटत होतं. गल्लीत आपल्याला मान आहे, या भरवशावर तो वायफाय बसवल्यापासून तीन वर्षं ताठ चालला होता. तो मटकन खुर्चीत बसला.

"घड्याळ बघा," करिष्मा म्हणाली. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. तिचा आवाज आता रडवेला झाला होता.

तुका टेलरने टेप बाजूला ठेवला आणि डबा उलटा केला. "दादा, रीसेट मारलात तुम्ही. सगळा विसरला हा. आता कंपनीचा जुना पासवर्ड टाकायला लागंल. तो खाली चिठ्ठीवर छापलेला असतो."

चिठ्ठी होती. पण दसऱ्याला गोरखने कॉम्प्युटरबरोबर डब्याचीही यथासांग पूजा केली होती, आणि हळदकुंकवाचा थापा बरोबर त्या चिठ्ठीवर बसला होता. तुकाने नखाने कुंकू खरवडलं. मावशीने खोबरेल तेलाचं बोट लावलं. शेवटचा आकडा आठ की तीन यावर दोघांचं बराच वेळ जमेना. (मावशीला अक्षरओळख नव्हती, तरी ती तीनवर ठाम होती.) निघाला तीन. तुकाने मोबाईलवरून डबा मार्गी लावला, हर्षदाला बाजूला बोलावून नवीन पासवर्ड काय ठेवायचा ते विचारून घेतलं, आणि हिरवे दिवे परत लुकलुकले. ठाण्याच्या नातवाने तोंड मिटलं. गल्ली आपापल्या घरी गेली.

कॉम्प्युटरवर मात्र फुली तशीच!

गोरखने डब्याकडे पाहिलं, मग कॉम्प्युटरकडे. म्हणजे डबा चांगलाच होता. दोष कॉम्प्युटरचा. तो टेबलाखाली शिरला आणि एकेक वायर चाचपू लागला. पोरीचं कॉलेज आपण आपल्या हाताने घालवणार, हा विचार पहिल्यांदाच त्याच्या मनात आला. लहानपणी रोज गुडघाभर चिखल तुडवत शाळेत गेलेली ही पोर.

तेवढ्यात खिशातला मोबाईल वाजला. एवढ्यापुरती रेंज बरोबर आली होती. कचेरीतून साहेब.

"गोरखराव, काल तुम्ही मला फायली घ्यायला तो बारका पेन ड्राइव्ह दिलात ना, त्यात एकही फाईल जात नाही हो."

"जुना आहे साहेब. घरी कॉम्प्युटरच्या मागे नुसताच खुपसून ठेवलेला होता, म्हणून आणला."

"पण गंमत बघा, तो लावल्यापासून माझ्या कॉम्प्युटरवर समोरच्या चहावाल्याचं वायफाय दिसायला लागलंय. पेन ड्राइव्हच आहे ना तो?"

टेबलाखाली गोरखचा हात कॉम्प्युटरच्या पाठीवरच्या रिकाम्या खाचेपाशी थिजला. घरातल्या कॉम्प्युटरला वायफाय पकडून देणारा तो एवढासा तुकडा त्याने काल स्वतःच्या हाताने उपटून मोखाड्याला पोचवला होता.

तो ताडकन उठला. (टेबल मजबूत होतं.) डोकं चोळत तो बाहेर आला तेव्हा पावणेपाच झाले होते. जीपने मोखाडा गाठायलाच पाऊण तास.

"करिष्मा!" त्याने हाक मारली. "पोरी, माझं चुकलं. मोबाईल घे आणि..."

घरात कुणी नव्हतं. तव्यावर अर्धी चपाती करपत होती. दारातली स्कूटी गायब. गोरखने गॅस बंद केला आणि तो उंबऱ्यावर बसून राहिला. पाच वाजले. पाच वाजून दहा झाले. रुसून पोर कुठे निघून गेली असेल, या विचाराने तो गल्लीच्या टोकाकडे बघत राहिला.

सव्वापाचला स्कूटी वाजली. मागे बसलेल्या हर्षदाच्या हातात पेढ्यांचा पुडा.

"झालं, बाबा! जागा पक्की!" करिष्मा उतरता उतरता ओरडली. "शिरपामाळच्या टेकाडावर गेलो. वर फुल रेंज आहे. चार मिनिटं लागली."

"कधी गेलात तुम्ही?"

"तुम्ही टेबलाखाली गेलात तेव्हा," हर्षदा म्हणाली. "म्हटलं, तिकडे गुंतलेत तोवर उरकून घेऊ. घरच्या वायफायवर बसलो असतो, तर तुम्ही परत डब्यात पिन खुपसली असती."

गोरखला हसावं की रडावं कळेना. त्याने दोन्ही केलं आणि पेन ड्राइव्हची गोष्ट आपण होऊन कबूल केली. मायलेकी एवढ्या हसल्या की मावशी परत डोकावून गेली.

पेढा खाल्ल्यावर गोरखला वाटलं, लेकीचं कॉलेज तरी फोटोत बघावं. त्याने मोबाईल हातात घेतला. रेंज गेलेली, आणि वायफाय नवीन पासवर्ड मागत होतं. हर्षदा आंघोळीला गेली होती, करिष्मा मावशीला पेढा द्यायला. तो समोर तुका टेलरच्या दुकानात गेला.

"तुका, आमचा नवीन पासवर्ड काय आहे रे?"

तुकाने मशीन थांबवलं. मान खाली घातली.

"दादा, वाईट वाटून घेऊ नका," तो म्हणाला. "वहिनींनी सांगितलंय, गल्लीत कुणीपण मागितला तरी दे. फक्त तुम्हाला सोडून."