हबीबभाईंचा पाचवा टप्पा

घनसावंगीहून आमच्या गावाला येणारी बस दर मंगळवारी एका उजाड माळावर थांबायची. तिथे ना गाव, ना फाटा, ना चढणारा, ना उतरणारा. कंडक्टर हबीबभाई घंटीची दोरी ओढायचे, खाली उतरायचे, ओढ्याच्या काठाने दहा-वीस पावलं चालून काहीतरी खिशात टाकायचे आणि परत येऊन दोनदा घंटी द्यायचे. एकदा ड्रायव्हरने विचारलंच, की हा कुठला थांबा?

"जुना हाये," हबीबभाई म्हणाले. "बैलगाडीचा."

किती जुना, तर दोन हजार वर्षं. मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणालं, "मंग भाडं बी तवाचंच घ्या की, मास्तर." हबीबभाईंनी त्याला पुढच्या स्टॉपपर्यंत सातवाहनांची नाणी समजावून सांगितली. त्या माणसाने पुन्हा त्यांच्या बसमध्ये तोंड उघडलं नाही.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. भोकरदन त्या काळी मोठं व्यापारी शहर होतं, खाली दक्षिणेला तेर गावही तसंच. हे पुस्तकांत आहे. मधून माल जायचा तर गाड्या जायच्या, आणि गाड्या जायच्या तर संध्याकाळी बैल कुठेतरी सोडावे लागणार. पण पंडितांनी दोन टोकांची शहरं शोधली आणि मधला रस्ता तसाच सोडून दिला. "म्हंजे पहिला स्टॉप अन् शेवटचा स्टॉप," हबीबभाई म्हणायचे. "मधल्या पासिंजरानं काय करावं?"

हे मधले पासिंजर त्यांनी अंगावर घेतले. जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या पाठी एकमेकींना चिकटवून त्यांनी नकाशा केला होता. तो पसरायला घरातली खाट अंगणात काढावी लागे. त्यावर गावांची नावं कमी आणि भाड्याच्या तक्त्यासारखे टप्पे जास्त: टप्पा एक, टप्पा दोन. गोळा केलेली खापरं निवडायचं काम त्यांच्या बायकोकडे, रजियाभाभींकडे. त्या तूरडाळ निवडावी तशी सुपात खापरं घेऊन बसत. काळी-तांबडी एकीकडे, नुसती तांबडी दुसरीकडे. "हे तुमचं न्हाई," म्हणून एखादं बाजूला टाकलं, की हबीबभाई अपील करत नसत.

मी चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे त्यावर माझा फारसा विश्वास नाही. निवृत्त झालेला प्रत्येक माणूस आमच्या भागात एक तर भजनी मंडळ काढतो नाही तर आपल्या गावाला रामायणात नेऊन बसवतो. हबीबभाई त्यातलेच, असं मी धरून चाललो होतो. मग एका पावसाळ्यानंतर त्यांनी मला त्या माळावर नेलं. जमीन राखेसारखी पांढुरकी, पायाखाली खापरं. ते एका जागी उभे राहिले, ओढ्याकडे बघितलं आणि म्हणाले, की इथून खाली तीस पावलांच्या आत भाजक्या मातीच्या कड्यांची विहीर असली पाहिजे. बैल येणार तर पाणी लागणार, आणि पाणी धरायची त्या लोकांची पद्धत तीच.

मी पावलं मोजत निघालो, चूक पकडायच्या तयारीने. सव्विसाव्या पावलाला, पावसाने खचलेल्या दरडीत, मातीची चार कडी एकावर एक रचलेली दिसली. सर्वांत वरच्या कड्यावर कुणाच्या तरी बोटांचे ठसे होते. ओली माती दाबताना उमटलेले. मी त्यात माझी बोटं ठेवून पाहिली. ती बसली. मग वर जाऊन पावलं पुन्हा मोजली. सव्वीसच भरली.

भोकरदनपासून चार टप्पे त्यांना असे सापडले. पाचवा सापडेना. तो गोदावरीच्या अलीकडच्या काठावर हवा. नदी उतरायच्या आधी गाड्या जिथे थांबत तो. त्याच्याशिवाय सगळा रस्ता अधांतरी होता. निवृत्तीनंतर आठ वर्षं ते काठाने वर-खाली फिरले.

आणि मग रजियाभाभी गेल्या. तीन दिवसांचा ताप, एवढंच.

आमच्या गावचं कब्रस्तान नदीजवळच्या उंचवट्यावर आहे. गवत, दोन कडुलिंब. तिथे खापरं शोधायला कोण जातं? कबर खोदताना कमरेइतक्या खोलीवर कुदळ खणकन वाजली. खोदणारा वर बघून म्हणाला, "भाई, विटा लागल्या." मी वाकून पाहिलं. हातभर लांबीच्या विटा, ओळीने बांधलेल्या. असल्या विटेचा नुसता तुकडा मिळाला, तर हबीबभाई आठवडाभर गावाला झोपू देत नसत.

ते कबरीच्या कडेला उभे होते. त्यांनी विटा पाहिल्या. मग हळूच म्हणाले, "चार काढा. बाकी ऱ्हाऊ द्या."

माती देताना त्यांच्या मुठीत त्या जुन्या काळच्या शंखाच्या बांगडीचा एक तुकडा आला. मला दिसला, म्हणजे त्यांनाही दिसला असणारच. त्यांनी मूठ तशीच सोडली.

पुढच्या हिवाळ्यात विद्यापीठातले एक प्रोफेसर आले. पांढरी गाडी, दोन सहायक, एकाच्या हातात यंत्र, दुसऱ्याच्या हातात प्रोफेसरांची टोपी. मी करमणुकीच्या अपेक्षेने जाऊन बसलो. पण त्या गृहस्थांनी कॅलेंडरांचा नकाशा तासभर पाहिला आणि त्यांचा चहा गार झाला. चारही टप्पे त्यांनी हिंडून पाहिले होते आणि चारही त्यांना पटले होते. म्हणाले, नदीकाठचा मुक्काम दाखवा, जागेवर शाबूत बांधकाम दाखवा. हा रस्ता तुमच्या नावाने छापतो. नाहीतर ही चार सुटी टेकाडं आहेत, कोणी मानणार नाही.

मग त्यांनी स्वतःच नदीकडे बोट केलं. "त्या उंचवट्यावर काय आहे?"

हबीबभाईंनी तिकडे मान वळवली नाही. "तिथं काही न्हाई, सर. कब्रस्तान हाये."

प्रोफेसरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. शाळेत मी पुष्कळ खोटं शिकवलं असेल, पण ते पुस्तकाच्या जबाबदारीवर. हे पहिलं माझं स्वतःचं.

गाडी गेल्यावर आम्ही दोघांनी मिळून नकाशाची घडी घातली. मला राहवेना. म्हटलं, एवढी वर्षं शोधत होता ना?

"गाव बराबर तिथंच हाये, गुरुजी," ते म्हणाले. "पर आता त्या गावात आपलं माणूस ऱ्हायला गेलंय."

खाट आत न्यायला त्यांनी एक बाजू उचलली, मी दुसरी. उंबऱ्याशी ते जरा थांबले.

"नवीन हाये ती तिथं. लोकायशी वळख तं होऊ द्या."