दहा नमुन्यांची यादी

मुरमटोल्याच्या ग्रामसभेला दोनच माणसं नेमाने येत. एक सरपंच रामाजी, कारण सभाच त्याची. दुसरी त्याची बायको सुगंधाबाई, कारण सतरंजी तिच्या घरची होती आणि समाजमंदिरात राहिली तर उंदीर कुरतडत. बाकी गाव सह्या द्यायला एका पायावर तयार असे, पण घरपोच. कोतवाल बुधू रजिस्टर काखेत मारून फिरे, आणि गाव चुलीपाशी, शेताच्या धुऱ्यावर, न्हाव्यापुढे बसल्या बसल्या सभेला हजर होई.

रामाजीच्या मनाला हे फार लागे. म्हणून चंद्रपूरच्या एका संस्थेने जेव्हा कळवलं, की गावाने आपल्या प्रश्नाचा आपणच अभ्यास करावा, निधी आम्ही देतो, तेव्हा त्याने लगेच अर्ज केला. आसपासच्या गावांनी तलाव, मोहफूल, वाघ असे भारदस्त विषय लिहिले. रामाजीने एकच ओळ लिहिली : आमच्या सभेला लोक का येत नाहीत?

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. प्रश्न आवडला होता. संस्थेच्या नाहीदबाई सोमवारी गावात येणार होत्या. तोवर 'अभ्यासासाठी गावातले दहा नमुने ग्रामसभेत निवडून ठेवावेत. यादी नसल्यास निधीचा विचार होणार नाही.'

रामाजीने पत्र तीनदा वाचलं. नमुन्यांना गावात काय तोटा! बापूराव जावयाने दिलेला स्वेटर वैशाखातही अंगातून काढत नसे. सोमारी आपल्या कोंबड्यांना नातेवाइकांची नावं ठेवी आणि सकाळ-संध्याकाळ नाव घेऊन शिव्या घाली. पण हे कोणाच्या तोंडावर सांगायचं कसं? सुगंधाबाईचं म्हणणं, शहरातल्या लोकांना असलं पाहायची हौस असते, आपण कशाला विचार करायचा. शेवटी बुधूने दवंडी दिली, की रविवारी सभेत गावातले दहा नमुने निवडणार आहेत हो.

रविवारी अख्खं गाव लोटलं. जो येणार नाही त्याचं नाव आधी लागणार, हे सांगायला कोणी लागत नव्हतं. मोहर्लीला वाघ पाहायला येणाऱ्यांची जिप्सी चालवणारा इसरूसुद्धा सुट्टी टाकून आला. सतरंजी भरली, पायऱ्या भरल्या, उरलेले खिडकीत उभे राहिले. रामाजीला भरून आलं, पण क्षणभरच. बापूरावने सोमारीचं नाव सुचवलं, सोमारीने कोंबडा आणून त्याचं नाव बापूराव ठेवल्याचं जाहीर केलं, आणि मग कोणाचं कोणाला ऐकू येईना. आता यादीही गेली आणि निधीही गेला, असं रामाजीला वाटलं.

तेवढ्यात सुगंधाबाई उठली.

"पहिलं नाव आमच्या घरचं लिवा. सात वर्सापासून हे रिकाम्या सभेले विचारून राह्यले, कोणाची हरकत आहे काय म्हणून. याच्याहून मोठा नमुना कुठी भेटन?"

लोक खदखदून हसले. रामाजीचे कान लाल झाले होते. त्याने मान खाली घालून स्वतःचं नाव लिहिलं. बापूराव स्वेटर सारखा करत म्हणाला, लिवा माझं बी. मग सोमारीने आपलं घातलं. दहा नावं झाली तरी कोणी उठेना. जमलोच आहोत तर म्हणून शाळेजवळच्या बंद पडलेल्या बोअरिंगची गोष्ट निघाली आणि ती दुरुस्तही करायची ठरली.

सोमवारी नाहीदबाई आल्या, तेव्हा कोण पास होतं ते पाहायला गाव परत हजर. रामाजीने प्रत्येकाच्या गुणांसकट यादी वाचली. नाहीदबाईंनी हसू लपवायला ओढणी तोंडाला लावली.

"रामाजीभाऊ, नमुने म्हणजे साधी माणसं हो. चिठ्ठ्या टाकून निघतील ती कोणीही दहा. त्यांना विचारलं की गावाचा अंदाज येतो." मग त्यांनी गर्दीकडे पाहिलं. "आणि तुम्ही तर लिहिलं होतं, सभेला लोक येत नाहीत."

रामाजी घाईने पुढे झाला. अर्ज खोटा ठरला की निधी कसला!

"बाई, खोटं नाई लिवलं. हे कालपासूनच येऊन राह्यले."

"मग काल का आलात?" त्यांनी लोकांना विचारलं.

लोकांनी बापूरावला पुढे ढकललं. तो म्हणाला, "काल आमच्याबद्दल ठरणार होतं ना बाई. एरवी वरून आलेले कागद वाचतेत. त्यात आमी कुठी असतो?"

नाहीदबाईंनी ते शब्द तसेच्या तसे उतरवून घेतले. अभ्यासाचं पहिलं पान झालं, म्हणाल्या, निधी नक्की येईल. आता सभेत काय बोलायचं, हे गावानेच घरोघर जाऊन गावाला विचारायचं. आधी ज्या दहांना विचारायचं, त्यांच्या चिठ्ठ्या सोमारीने काढल्या. बापूराव निघाला, बुधू निघाला, आणखी आठ निघाले. रामाजी निघाला नाही.

सतरंजी खांद्यावर टाकून तो घराकडे चालला होता. एवढं मनासारखं झालं, तरी तोंडातून शब्द नाही.

"काऊन बोलत नाई?" सुगंधाबाईने विचारलं.

"काही नाई. पहिलं नाव होतं माझं."

तिने सतरंजीचं लोंबतं टोक उचलून धरलं.

"तुमाले तपासाले चंद्रपूरची बाई कशाले पायजे? मी अठ्ठावीस वर्सापासून तपासून राह्यली."

"मंग काय निघालं?"

"अभ्यास चालू आहे," सुगंधाबाई म्हणाली.