माझी पाठराखीण

लग्नात पाठराखीण म्हणून माझ्यासोबत सासरी माझा रक्ताचा आजार आला. सिकलसेल. निम्मी आईकडची, निम्मी बाबांकडची, म्हणजे नात्यात सख्खीच. सासूबाईंनी तिच्याही पायावर पाणी घातलं.

पाठराखीण चार दिवस राहून परत जाते. ही गेली नाही.

"काहून वो, तिकडे इची कोणी वाट नाही पाहत का?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही. ती माझ्याशिवाय राहत नाही."

"मंग डॉक्टर पाहा बाप्पा. जेवायले काही ना नाही, पण तुहे हाडं दुखवते ते."

माहेरचे डॉक्टर लहान मुलांचे. मंगळसूत्र घालून तिथे खुळखुळ्यांमध्ये बसता येईना. म्हणून इथले शोधले. तेवढ्यात मला खोकला लागला.

चौकातल्या डॉक्टरांनी मला तपासलं, गोड औषध दिलं. तिला मात्र दारातच थांबवलं. "पाहुण्यांना आम्ही बघत नाही." मोठ्या दवाखान्यात उलटं. तिला आत नेलं, चहा दिला, शिकाऊ डॉक्टरांशी ओळख करून दिली. मी बाहेर बाकावर तिची पिशवी धरून खोकत बसले. खोकल्याचं सांगितलं तर म्हणाले, "तो विषय आमच्याकडे नाही."

माझा नवरा मोरेश्वर समजूतदार आहे. ती पलंगावर आमच्या मध्ये बसते, तेव्हा तो सरकून जागा देतो. आम्हाला काही बोलायचं तर तिच्या डोक्यावरून बोलावं लागतं. मग राहूनच जातं.

शेवटी सिकलसेलवाल्या मोठ्या माणसांना डॉक्टर जुळवून देणाऱ्या रंजनाताईंना फोन केला.

"दोघींना एकत्र बघणारा पाहिजे?"

"हो. मला खोकला आहे."

"अगं बाई, मग उद्याच जा. ती सोबत असताना खोकला साधा नसतो. असे डॉक्टर मिळतात, पण कमी. खुर्च्यांची अडचण होते त्यांना."

त्यांनी सुचवलेल्या डॉक्टर उईकेबाईंकडे पेशंटसाठी खुर्ची एकच होती. बाईंनी आपली खुर्ची इकडे आणून ठेवली आणि स्वतः उभ्या राहिल्या.

"आधी कोण बोलतंय?"

मी सवयीनं तिच्याकडे पाहिलं. सगळीकडे तीच बोलते. तिनं पदर सावरला आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

"मला खोकला आहे," मी म्हणाले. सासरी आल्यापासून एवढं मोठ्यानं मी काहीच म्हटलं नव्हतं.

बाईंनी नळी कानाला लावली आणि माझ्या पाठीवर टेकवली.

"मोठा श्वास घ्या," त्या म्हणाल्या. "दोघींनी."