तात्पुरते बासष्ट किलो

कोणतेही यान आकाशात जाण्यापूर्वी एका रकान्यात जाते. तिथून सुखरूप बाहेर पडलेली याने फार थोडी.

आमच्या संस्थेत या टप्प्याला 'प्राथमिक सहविचार' म्हणतात. एक खोली, चौदा टेबले, भिंतीवर एकच मोठा तक्ता. एका टेबलावरचा आकडा बदलला की उरलेल्या तेरा टेबलांवरचे आकडे आपोआप बदलतात आणि तेरा माणसे आपोआप चिडतात. (यालाच समन्वय म्हणतात.)

पहिल्या दिवशी, दहा वाजून पाच मिनिटांनी, वजनाच्या टेबलावरच्या इंजिनिअरने वायू हुंगणाऱ्या यंत्राच्या शास्त्रज्ञ बाईंना विचारले, "मॅडम, यंत्राचं वजन?"

"यंत्र अजून कागदावर आहे हो."

"मग कागदाचं नका सांगू. तात्पुरतं काहीतरी टाका. रकाना रिकामा दिसला की तक्ता रुसतो."

बाई या यंत्रासाठी अकरा वर्षे झटत होत्या. एका रिकाम्या रकान्यापायी ते वगळले जाणे परवडणारे नव्हते. घाईत त्यांना एकच वजन आठवले: सकाळी बाथरूममधल्या काट्यावर पाहिलेले, स्वतःचे.

घरी नवरा म्हणाला, "म्हणजे यान तुझ्या मापाचं शिवणार. आता बारीक होऊ नकोस."

आवृत्ती १: बासष्ट किलोंसाठी इंधनाची टाकी मोठी केली.
आवृत्ती ४: टाकीसाठी यानाचे पाय जाड केले.
आवृत्ती ९: सगळ्या यानाचा तोल बासष्टवर बांधला.
आवृत्ती १७: 'तात्पुरते' हा शब्द जागा खातो म्हणून काढला.

मग यंत्राचा पक्का आराखडा आला. वजन नऊ किलो.

खोलीत शोककळा पसरली. आकडा बदलायचा तर चौदा सह्या लागणार होत्या. यंत्र वगळायला एकच पुरे होती, आणि मोहिमेच्या साहेबांनी पेनाचे टोपण काढलेले होते.

"मॅडम, त्रेपन्न किलो वाढवा," वजनवाला हळूच म्हणाला. "नाहीतर तुम्हाला उतरवतायत."

"वाढवू कशानं?"

"शिसं."

परंतु नियमानुसार यानावरच्या प्रत्येक वस्तूस वैज्ञानिक हेतू असावा लागतो. बाईंनी जेवणाच्या सुट्टीत तो लिहून दिला: 'अवकाशात शिसे किती काळ काहीच करत नाही, याचा अभ्यास.'

तज्ज्ञ समितीने (सरासरी अनुभव एकतीस वर्षे, कशाचा ते नोंदलेले नाही) प्रस्ताव एकमताने उचलून धरला. यशाची शक्यता शंभर टक्के असलेला प्रयोग तिने प्रथमच पाहिला होता. शिसे मोहिमेचे मुख्य उद्दिष्ट झाले. बाईंचे यंत्र 'शिशासोबतचे किरकोळ सामान' या सदरात मंजूर झाले.

बाईंनी जिन्यात उभे राहून नवऱ्याला फोन केला. "जातंय," एवढेच म्हणाल्या, आणि मग बराच वेळ नाक पुसत राहिल्या.

वाचकांनी खुशाल हसावे. फक्त त्याआधी, शाळा संपल्यावर भरलेल्या पहिल्या अर्जात 'आवड' या शब्दापुढे घाईघाईने काय लिहिले होते ते आठवावे, आणि आज सकाळी आपण कुठे कामाला गेलो ते पाहावे.